दहावा कप

महागड्या एस्प्रेसो यंत्राची खरी परीक्षा पहिल्या कपात होत नाही, दहाव्यात होते. पहिला कप साधं यंत्रही कधीकधी झकास काढतं. ताजी भाजलेली कॉफी, नीट दळलेली, अठरा ग्रॅम मोजून घेतलेली, सारखी दाबून बसवलेली. तिच्यातून ९३ अंशांच्या आसपासचं पाणी नऊ बार दाबाने पंचवीस-तीस सेकंद गेलं आणि कपात छत्तीस ग्रॅम उतरले, की काम झालं. पण लगोलग दुसरा, तिसरा, मध्येच कुणासाठी दूध फेसवून, परत चौथा, असं करत दहाव्यापर्यंत पोचल्यावरही पाणी तितकंच गरम आणि दाब तितकाच स्थिर असेल, तर त्या यंत्राचे पैसे वसूल. हे मला घेण्याआधी ठाऊक होतं. घरात आम्ही तीन माणसं, त्यातल्या सासूबाई दुपारी एकदाच कॉफी घेतात आणि नवरा पक्का चहावाला, हेही ठाऊक होतं. तरी मी दोन बॉयलरचं, पंचवीस किलोंच्या वर वजन असलेलं इटालियन यंत्र घेतलं.

किंमत अडीच लाखांच्या पुढे. सासूबाईंना आकडा सांगितलेला नाही. त्यांच्या लेखी ते मिक्सरच्या जातीचं काहीतरी आहे, फक्त मिक्सर अर्धा तास आधी चालू करून ठेवावा लागत नाही. तो अर्धा तास त्यांना खटकतो. "तेवढ्यात दूध दोनदा तापून निवेल गं," असं त्या म्हणतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे.

अर्धा तास लागतो तो यंत्राच्या तोंडाशी असलेल्या पितळेच्या ठोकळ्यामुळे. त्याला ग्रुप म्हणतात. क्रोमचा मुलामा दिलेला, चारेक किलोंचा हा ठोकळा यंत्राच्या पुढे बाहेर आलेला असतो आणि कॉफीचा दांडा त्यातच अडकवायचा असतो. ठोकळा थंड असेल तर बॉयलरमधलं पाणी कितीही नेमकं तापलेलं असो, वाटेतच निवणार. म्हणून त्याला गरम ठेवण्याची एक सुंदर सोय केलेली आहे. बॉयलरमधलं गरम पाणी हलकं होऊन एका नळीतून वर ग्रुपमध्ये चढतं, ठोकळ्याला ऊब देतं, थोडं निवून जड झालं की दुसऱ्या नळीतून आपसूक खाली परततं. पंप नाही, झडप नाही. यंत्र चालू आहे तोवर हा फेरा सुरूच. मला या यंत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि ती १९६१ सालची आहे. मिलानच्या फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्तेने ही रचना बाजारात आणली. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, म्हणून यंत्राचं नाव ई-६१. त्यातला ई ग्रहणाचा. आपल्याकडे ग्रहण लागलं की चूल बंद ठेवायची पद्धत, आणि तिकडे कॉफीच्या यंत्राचं बारसं ग्रहणावरून! सासूबाईंना हेही सांगितलेलं नाही.

माझं आधीचं यंत्र एका बॉयलरचं होतं. कॉफीला ९३ अंश पुरतात, पण दूध फेसवायला वाफ लागते, म्हणजे पाणी सव्वाशे अंशांच्या घरात न्यावं लागतं. एकाच भांड्यात दोन्ही कामं करायची, तर आधी कॉफी काढायची, मग बटण दाबून वाफेची वाट बघायची, आणि पुढच्या कपाआधी पाणी सोडून देऊन पुन्हा निववायचं. शिवाय आतल्या थर्मोस्टॅटला दोनच गोष्टी कळायच्या, चालू आणि बंद. तापमान सारखं वरखाली व्हायचं, चांगलं दहा-दहा अंशांनी. त्यामुळे हाताला एक कसब जडलं होतं. दिवा विझला की थोडं पाणी सांडायचं, मनात आकडे मोजायचे, दिवा परत लागला की ठरलेल्या क्षणी कॉफी सुरू करायची. जमलं की आनंद व्हायचा. तो कॉफीचा कमी आणि जमल्याचा जास्त असायचा.

नव्या यंत्रात पीआयडी कंट्रोलर आहे. नोकरीभर मी इंजिनिअरिंगच्या पोरांना इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं, त्यामुळे हे प्रकरण मला फळ्यावरून पाठ आहे. चूक आत्ता किती आहे, आजवर किती साचली आहे आणि कुठल्या दिशेने चालली आहे, या तिन्हींचा मिळून अंदाज घ्यायचा आणि तेवढीच वीज हीटरला द्यायची. १९२२ साली निकोलस मिनोर्स्कीने हे गणित मांडलं ते जहाजांसाठी. मुरलेला सुकाणूवाला जहाज नुसतं भरकटलं म्हणून चाक फिरवत नाही. ते किती वेगाने भरकटतंय आणि मघापासून किती कललेलं आहे हेही तो पाहतो, हे त्याने टिपलं होतं. पुढे रिफायनऱ्या, कागद गिरण्या, साखर कारखान्यांचे बॉयलर, सगळीकडे हेच गणित गेलं. घरगुती कॉफीत ते आलं हौशी लोकांमुळे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी कारखान्यांसाठी बनलेले कंट्रोलर आणून आपापल्या छोट्या यंत्रांना स्वतःच जोडले, आणि ते पाहून कंपन्यांना जाग आली. आता माझ्या ओट्यावर छोट्या पडद्यावर ९३ म्हटलं की बॉयलरपुरतं तरी ९३च. दिवा बघून आकडे मोजायचं कसब एका दिवसात बेकार झालं. ज्या कंट्रोलरचे गोडवे मी खडू हातात धरून गायले, त्यानेच मला कामावरून काढलं म्हणायचं.

आणि कपात फरक किती पडला? थोडा. तोही रोजच्या रोज सारखेपणा येण्यात. कुणी सल्ला विचारला तर मी सांगते, आधी ग्राइंडर चांगला घ्या. कॉफीचे कण सारखे दळले गेले नाहीत तर पाणी सोपी वाट शोधतं, एकीकडून कडू आणि दुसरीकडून आंबट रस घेऊन खाली येतं, आणि तिथे अडीच लाखांचं यंत्रही काही करू शकत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत, मार्चच्या सुमारास, दळलेली पूड विजेने भारली जाऊन ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते, ओटाभर उडते. त्यावर उपाय म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडायचा. हौशी लोक हे वर्षानुवर्षं करत होते. मग ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा रीतसर अभ्यास केला आणि २०२३ मध्ये छापला. त्यांच्यात एक ज्वालामुखीचा अभ्यासक होता. ज्वालामुखीच्या राखेत वीज कशी साठते हे पाहणारा माणूस कॉफीच्या पुडीकडे वळला, हे मला फार आवडलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चहाच्या पत्तीत असलं काही नसतं." खरंच नसतं.

तर मग दहाव्या कपाचं यंत्र कुणासाठी बनलं? गर्दीसाठी. या यंत्राचा सगळा इतिहास रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांचा आहे. १८८४ मध्ये तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने पेटंट घेतलं तेच मुळी एका दमात खूप लोकांची कॉफी करणाऱ्या यंत्राचं. मिलानच्या लुइजी बेत्सेराने १९०१ मध्ये दांडा आणि त्यातली चाळणी आणली, म्हणजे प्रत्येकाला त्याचा त्याचा कप, समोर, ताजा. कामगारांच्या कॉफीच्या सुट्टीत फार वेळ जातो म्हणून त्याने हे काढलं, असं सांगतात. खरं असो नसो, गोष्ट यंत्राला शोभते. दोनच वर्षांनी देझिदेरिओ पाव्होनीने ते हक्क घेतले आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात यंत्र लोकांसमोर आलं. तेव्हा दाब वाफेचा, जेमतेम दीड बारचा; कॉफी झटपट व्हायची पण करपट लागायची. नऊ बारांच्या घरातला दाब आणला आकिले गाज्जियाने, दुसऱ्या महायुद्धानंतर, स्प्रिंगच्या दांड्याने. त्याबरोबर कपावर तो सोनेरी तपकिरी फेस आला, ज्याला आज क्रेमा म्हणून सगळे मान देतात. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी विचारलं म्हणे, हा मळ कसला तरंगतोय? गाज्जियाने ती कॉफीची नैसर्गिक साय म्हणून विकली. मग व्हालेन्तेच्या यंत्रात विजेचा पंप आला आणि दिवसभर दांडे ओढणाऱ्या माणसाचे खांदे सुटले. पाऊणशे वर्षांची ही सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी झाली: काउंटरपलीकडचा माणूस उभ्या उभ्या पिऊन कामाला लागावा.

माझा मुलगा मिलानला शिकतो. त्याच्या खोलीवर कॉफीचं यंत्र नाही. तिथल्या घरांमध्ये बहुतेक मोका असतो, १९३३ पासून चालत आलेलं ते बियालेत्तीचं आठकोनी ॲल्युमिनियमचं भांडं. एस्प्रेसो प्यायला माणूस खाली उतरतो. मुलगाही उतरतो. सव्वा युरो ठेवतो, दोन मिनिटं काउंटरला टेकतो, फुटबॉलवर दोन वाक्यं ऐकतो, निघतो. टेबलाशी बसलं तर जास्त पैसे पडतात, म्हणून बसत नाही. यंत्राचा फोटो त्याला पाठवला तेव्हा त्याने विचारलं, "आई, तू बार काढतेयस का?"

आमच्या सोसायटीत घरघंट्या आल्या तेव्हा काय झालं होतं ते मला या निमित्ताने आठवतं. आधी कोपऱ्यावर गिरणी होती. डबा रांगेत ठेवायचा, ज्वारीवर गहू टाकू नका म्हणून गिरणीवाल्याशी रोजचा वाद घालायचा, त्याच्या भुवयांपर्यंत पीठ बसलेलं असायचं, आणि पट्ट्याच्या आवाजात ओरडून ओरडून बायका एकमेकींना सगळं सांगायच्या. कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाकडे दुखणं आहे. मग एकेकीकडे घरघंटी आली. पीठ नक्कीच सुधारलं. हवं तेवढं, हवं तसं जाडंभरडं, ताजं. गिरणी बंद पडली आणि खालच्या मजल्यावरच्या आजी आठवडाभर दवाखान्यात होत्या हे आम्हाला त्या घरी परत आल्यावर कळलं. मीही तेच केलंय. गर्दीसाठी घडवलेलं यंत्र घरात आणलंय आणि गर्दी मिलानलाच राहिली आहे. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडेही मीच.

पहिल्यांदा हे तोंडावर बोलला तो वायरमन. यंत्राला सोळा अँपिअरचं वेगळं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग लागतं, त्यासाठी तो आला होता. हॉटेलांची कामं करणारा माणूस. यंत्राभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मॅडम, दिवसाला किती कप जातात?" मी म्हटलं, तीन, फार तर चार. तो काही बोलला नाही. स्क्रू आवळले, टेस्टर लावून पाहिला, आणि मग अगदी धंद्यातल्या माणसाच्या काळजीने म्हणाला, "मग बॉयलर उगाच जळत राहणार ना." मी त्याला दोन बॉयलरचं तत्त्व समजावलं, ते त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं. त्याला एक एस्प्रेसो दिली. दोन चमचे साखर घालून त्याने ती एका घोटात संपवली, अगदी इटालियन रीतीने, आणि म्हणाला, "कडक आहे. पण तोंडात राहते."

पाण्याचंही सांगायला हवं, कारण तिथे माझं शिक्षण कामी आलं. धरणाचं पाणी तसं मऊ असतं, पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की बोअरचं जड पाणी मिसळतं. किटलीत पांढरा थर धरतो तोच बॉयलरमध्ये धरतो, आणि ग्रुपमधलं पाण्याचं छिद्र मिलिमीटरहूनही बारीक असतं. ते बुजलं की संपलं. मग सगळे सुचवतात, आरओचं पाणी वापरा, ते तर घरोघरी आहे. पण आरओचं पाणी फार शुद्ध असेल तर यंत्र आंधळं होतं. वाफेच्या बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे कळायला एक सळई असते. पाणी तिला टेकलं की त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि यंत्राला समजतं की भरलं, आता पुरे. पाण्यात क्षारच नसतील तर प्रवाह वाहत नाही, आणि बॉयलर काठोकाठ भरला तरी यंत्र पाणी ओढतच राहतं. शिवाय तसं पाणी धातू खातं आणि कॉफीही अळणी लागते. म्हणून मी आरओच्या पाण्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालते. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणलाय. आधी पाण्यातले क्षार काढण्यासाठी विजेचं यंत्र, मग ते परत घालण्यासाठी काटा. स्वयंपाकघरात एवढा उफराटा उद्योग दुसरा नसेल.

बिया मात्र इथल्याच, चिकमगळूरच्या. भारतातून बाहेर जाणारी कॉफी सगळ्यात जास्त कोण घेत असेल तर इटली. आपली रोबस्टा त्यांच्या मिश्रणांत पडते, कारण तिने क्रेमा दाट येतो आणि कपाला अंग येतं. मॉन्सून्ड मलबारही जाते. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारे खाऊन फुगलेल्या, पिवळट पडलेल्या, आंबटपणा गेलेल्या त्या बिया. शिडाच्या जहाजांतून युरोपात पोचायला महिने लागायचे तेव्हा बियांचं वाटेत आपोआप असं व्हायचं. जहाजं वेगवान झाली, बिया हिरव्याच पोचू लागल्या, पण जिभांना सवय लागली होती, म्हणून मग वाटेतली दमट हवा मुद्दाम इथेच खाऊ घालायची रीत पडली. मिलानच्या ज्या बारमध्ये मुलगा सव्वा युरो ठेवतो तिथल्या कपात मंगळूरहून निघालेलं काहीतरी असण्याची बरीच शक्यता आहे. त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, बारवाल्याला सांगतो. बारवाल्याला ते आधीच माहीत होतं.

मग गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बायका येतात. दरवर्षी मसाला दूध असतं. या वेळी सासूबाईंनीच जाहीर करून टाकलं की आमच्याकडे कॉफीचं मोठं यंत्र आलंय. मी मनातून खूश. बिया जास्तीच्या आणल्या, कप मांडले, यंत्र दुपारपासून तापत ठेवलं. पहिल्याच बाईंना मी छोट्या कपात एस्प्रेसो पुढे केली. त्यांनी आत डोकावून विचारलं, "एवढीच?" दुसऱ्या बी विंगमधल्या काकू. त्या म्हणाल्या, "अगं, ती लग्नातली होईल का? वरून चॉकलेटची पूड घालतात बघ, ती." आणि मग सगळ्यांनाच ती हवी झाली.

लग्नातली कॉफी ज्यांनी प्यायली आहे त्यांना सांगायला नको. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात पितळी मनोऱ्यासारखं यंत्र, फुस्स फुस्स आवाज, स्टीलच्या मगात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी, त्यात वाफेची नळी बुडवून फेस आणायचा, वर कोकोची पूड. त्या यंत्राला दांडा नव्हता, चाळणी नव्हती, नऊ बार नव्हते. वाफ तेवढी होती. पण रांग असायची, आणि मुलं तीनतीनदा उभी राहायची. मी मुकाट्याने दुधाचा मोठा जग घेतला आणि वाफेची झडप उघडली. सासूबाईंनी सहाणेवर जायफळ उगाळायला घेतलं, कारण त्यांच्या मते कॉफीत जायफळ नसेल तर ती कॉफी कसली. त्यांच्या माहेरी चिकोरीची पोलसन कॉफी यायची आणि तिलाही जायफळ लागायचंच. दांडा काढायचा, ठोकायचा, पुसायचा, भरायचा, दाबायचा, लावायचा. एका हाताने तो, दुसऱ्या हाताने दूध. कुणाची तरी नात पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होती. कुणाला कमी साखर, कुणाला फेस नको, कुणाला फेसच हवा. या सगळ्यामुळे पाठीला लागलेली कळ विसरून मी मनात म्हणत होते, या क्षणासाठी दुसरा बॉयलर आहे. वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलला नाही.

दहावा कप कुणाच्या हातात गेला ते माहीत नाही. त्यात दोन चमचे साखर, जायफळ आणि चॉकलेटची पूड होती, तेव्हा त्यातल्या कॉफीचं तापमान अर्ध्या अंशाने चुकलं असतं तरी जगात कुणाला कळलं नसतं. कॉफीच्या शुद्धतेवर बोलणाऱ्या लोकांना हे दृश्य दाखवावं असं वाटलं. वाईट वाटायचं कारण नव्हतं. काउंटरला गर्दी होती आणि यंत्र ज्यासाठी घडवलं गेलं ते करत होतं. गर्दीने काय प्यावं हे त्या यंत्राने कधीच ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून बी विंगमधल्या काकू दुपारी येतात. रोज नाही, पण येतात. फेसाची, जायफळाची, दोन चमच्यांची. परवा ग्रुपमधलं रबरी गॅस्केट बदलत होते. ते उष्णतेने कडक होतं, वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं. या रचनेचा मोठा गुण असा की साठ वर्षांत ती फारशी बदललेली नाही, अनेक कंपन्या तीच वापरतात, आणि सुटे भाग एकमेकांचे चालतात. साधा पेचकस पुरतो. नीट राखलं तर यंत्र माझ्यानंतरही चालेल. म्हणून मुलाला फोनवर विचारलं, तुला हवं आहे का पुढे. तो म्हणाला, "मला खालचा बार पुरतो. काकूंना देऊन टाक, त्याच येतात ना प्यायला."

काकू तिथेच बसल्या होत्या, त्यांना त्याचा निरोप सांगितला. "नको गं बाई," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे ठेवलंस तर मग मी दुपारची जाऊ कुठे?"